गुणी मुलीची बरणी

भुंगी सुधारली, याबद्दल सगळ्यांचं एकमत झालं होतं. एकमत ही त्या घराण्यात दुर्मीळ चीज. पंखा कितीवर ठेवायचा यावरून तिथे दोन-दोन दिवस अबोला चालायचा. पण भुंगी सुधारली म्हटल्यावर तिच्या आत्यापासून वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांपर्यंत सगळ्यांनी माना डोलावल्या. डोलावली नाही ती एकट्या भुंगीच्या आईने, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं.

भुंगी अकरा वर्षांची. तिला ऑटिझम आहे हे डॉक्टरांनी ती चार वर्षांची असताना सांगितलं. ती भुंगी आहे हे घरच्यांना त्याच्या कितीतरी आधी कळलं होतं. बोलायला लागण्यापूर्वीपासून ती गुणगुणायची. गाणं नव्हे. एकच लांबलचक सूर, बंद खिडकीत अडकलेल्या भुंग्यासारखा. वडिलांनी लाडाने भुंगी म्हटलं आणि तेच चिकटलं. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि तिथे सुखात होतं.

आईची लाँड्री होती. वर घर, खाली दुकान. पुढे इस्त्रीचं टेबल, हँगरच्या रांगा, आणि मागे भिंतीला टेकून गोल काचेच्या दाराचं मोठं मशीन. या मशीनशी भुंगीचं जे सूत होतं ते कुठल्याही नातेवाइकाशी जमलं नव्हतं. मशीन कपडे पिळायला लागलं की ती काचेला गाल लावून उभी राहायची आणि नेमका त्याचाच सूर धरायची. मशीनने वेग घेतला की तिचाही सूर चढायचा. ड्रम गरगरायला लागला की दोन्ही हात पंखांसारखे फडफडवून ती अशी हसायची, की कपडे न्यायला आलेली गिऱ्हाइकं आपापल्या शर्टांच्या काळजीत पडायची. तुटून पडलेली, खिशांतून निघालेली बेवारशी बटणं एका पत्र्याच्या डब्यात जमत. तो डबा भुंगीचा. त्यातलं एक जाडजूड पितळी बटण ती हळूच मशीनमध्ये सरकवायची, म्हणजे ते आत खणखणत फिरायचं. आई ओरडायची. मशीनची वाट लागेल म्हणून ओरडायची, मग बटण शोधून काढायची आणि परत डब्यात ठेवायची. अगदी वर, चटकन हाताला लागेल असं.

त्या काळात आत्या घरी यायची बंद झाली होती. आत्या म्हणजे भुंगीच्या वडिलांची थोरली बहीण. तिचं डोकं फार नाजूक. भुंगीच्या आवाजाने ते दुखायचं. स्वतःच्या आवाजाने कधी दुखल्याचं ऐकिवात नाही. "माया आहे गं मला पोरीची," ती फोनवर सांगायची, "पण लांबून केलेली बरी."

मग केंद्र आलं.

केंद्रात भुंगीसारख्या मुलांना वळण लावलं जाई. चालवणाऱ्या बाईंना सगळे बाईच म्हणत. त्यांचा चेहरा कायम प्रसन्न असे. पाहुण्यांसाठी पुसून ठेवलेल्या टेबलासारखा. त्यांची पद्धत मात्र अगदी सोपी होती. प्रत्येक मुलाच्या नावाची एक काचेची बरणी. एक तास अनावश्यक आवाज, अनावश्यक हालचाल आणि अनावश्यक प्रश्न न करता काढला, की बरणीत एक मणी. मणी लाकडी, कारण काचेचे मणी पडताना वाजतात. काय आवश्यक आणि काय अनावश्यक हे बाई ठरवत. त्या स्वतः एकदा बोलायला लागल्या की समोरच्याचा चहा निवून त्यावर साय धरायची. पण ते आवश्यक होतं. बरणी भरली की बक्षिसांचं कपाट उघडायचं आणि मुलाने हवं ते उचलायचं.

पहिल्या वर्षी भुंगीची बरणी तळ झाकेल इतकीही भरली नाही. दुसऱ्या वर्षी ती भराभर भरायला लागली. गुणगुणणं थांबलं. हात मांडीवर आले आणि मांडीवरच राहिले. मशीन कधी सुरू होणार, हा प्रश्न ती आईला दिवसातून इतक्यांदा विचारायची की आईने त्याचं उत्तर झोपेतसुद्धा दिलं असतं. तो प्रश्नही एक दिवस आला नाही आणि मग आलाच नाही.

आईला बरं वाटलं. ते लपवण्यात अर्थ नाही. कितीतरी वर्षांनी तिने गरम चहा गरम असताना प्यायला, आणि गिऱ्हाइकाशी पूर्ण वाक्यात बोलली. आत्या पुन्हा यायला लागली, येताना फ्रॉक आणायला लागली. भुंगी दुकानात स्टुलावर मशीनकडे पाठ करून बसे आणि आत्या तिच्याकडे बघून म्हणे, "काय गुणी पोर झालीय हो. आहे की नाही तेसुद्धा कळत नाही." हे ती कौतुकाने म्हणत असे.

आईला पहिल्यांदा खुपलं ते हेच वाक्य. मग एकेक दिसायला लागलं. भुंगी मुळात पांढरं तेवढंच खायची, भात, दूध, पाव; आता भातही चिवडून ठेवायला लागली. पहाटे उजाडायच्या आत उठून पलंगाच्या कडेवर बसलेली दिसायची, पाय लोंबकळत, कशाकडेही न बघता. एका दुपारी आईने मुद्दाम स्वतःच्या हाताने ते पितळी बटण मशीनमध्ये टाकलं. आतून खणखण सुरू झाली. इस्त्रीवालासुद्धा दचकला. भुंगीने मान वळवली नाही. आईने मशीन थांबवलं, बटण काढलं, आणि डब्यात टाकायचं सोडून एप्रनच्या खिशात ठेवलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

ती भुंगीला घेऊन घरच्या डॉक्टरकडे गेली. पोर जेवत नाही, झोपत नाही, म्हणाली. डॉक्टर तिच्या लहानपणापासूनचे, सर्दीला अत्यंत हुशार. त्यांनी भुंगीकडे चष्म्यावरून पाहिलं आणि आईला म्हणाले, "अहो, ते त्यातलंच."

हे 'त्यातलंच' फार गुणकारी. तपासावं लागत नाही, लिहून द्यावं लागत नाही, आणि डॉक्टरला लगेच आराम पडतो. जेवत नाही? त्यातलंच. झोपत नाही? त्यातलंच. उद्या भुंगीच्या पायावरून सायकल गेली असती, तरी हाड त्यातलंच मोडलं असतं. आईने विचारलं, की हे सगळं त्यातलंच असेल, तर त्यातच असलेलं तिचं हसणं कुठे गेलं? डॉक्टर म्हणाले, वय वाढतंय. आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मग तिने वडिलांना सांगितलं. ते चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे; धूसर दिसणं म्हणजे काय हे त्यांना धंद्यापुरतं ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की आजवर पोरीमुळे लोकांच्या माफ्या मागत फिरलो, आता कुठे लोक तिचं नाव बरं काढतायत, तर तू त्यात खुसपट काढू नकोस. हे ते रागाने नव्हे, विनवणीने म्हणाले. म्हणून आईला उलट बोलता आलं नाही.

अशात केंद्राचा पालक मेळावा आला. बाहेरून मोठे पाहुणे येणार होते आणि त्यांच्यासमोर भुंगीला बसवायचं ठरलं होतं. मेळाव्याआधी केंद्राचे पडदे धुवायला आले, अर्थातच भुंगीच्या आईकडे. ते धुऊन, इस्त्री करून, ती स्वतः लावायला गेली. स्टुलावर चढून कड्या अडकवताना समोरच्या फळीवर तिला बरण्यांची रांग दिसली. भुंगीची काठोकाठ. खाली मदतनीस मुलगी पडदे देत होती, तिला आईने सहज विचारलं, की बरणी याआधी भरली तेव्हा भुंगीने काय घेतलं? घरी तर काही आलं नाही.

"काही नाही घेतलं," मदतनीस म्हणाली. "कधीच नाही घेत ती. आम्ही कपाट उघडतो, ती बघते आणि जागेवर जाऊन बसते. बाईंना किती आनंद झालाय माहितीये?"

आई स्टुलावरून उतरली. कपाट दाखवता का, म्हणाली. कपाटात चेंडू होते, भोवरे होते, शिट्ट्याही होत्या. त्या घरी जाऊन वाजवायच्या अटीवर मिळत. आणि मधल्या कप्प्यात एक मोठा पारदर्शक डबा होता, बटणांनी भरलेला. रंगीत, चमकीची, लाकडी, शिंपल्याची. केंद्राने खास भुंगीसाठी आणलेला, तिची आवड विचारून घेऊन. झाकणावरची चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

आईने त्या चिकटपट्टीवरून बोट फिरवलं. हा डबा समोर ठेवून पूर्वी कुणी भुंगीला घरी जा म्हटलं असतं, तर तिला न्यायला चार माणसं लागली असती.

तेवढ्यात बाई आल्या. आई म्हणाली, भुंगीला बरं नाहीये. तिला काहीच नकोसं झालंय. बाई प्रसन्न हसल्या आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं. त्यावर पायऱ्या रंगवलेल्या होत्या. खालच्या पायरीवर हट्ट, मग बक्षिसासाठी संयम, मग सवय; आणि सगळ्यात वर, रंग अजून ताजा असलेली एक पायरी, जिच्यावर लिहिलं होतं 'निष्काम'. ही पायरी आधी तक्त्यावर नव्हतीच, बाईंनी समजावलं. आजवर तिथे कुणी पोचलंच नव्हतं. भुंगी पोचली म्हणून पेंटर बोलवावा लागला.

"तिला बक्षीससुद्धा नको असतं," बाई म्हणाल्या. "मोठमोठ्यांना आयुष्यभर जमत नाही हे."

आई म्हणाली, माझ्या पोरीला मोठमोठ्यांचं काय करायचंय, तिला बटणं हवी असायची. त्यावर बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "काही पालकांना मुलाचा त्रास अंगवळणी पडलेला असतो. तो गेला की त्यांनाच चुकल्यासारखं होतं. तुम्ही स्वतःसाठी एखादा छंद बघा ना."

हे इतक्या गोडीने सांगितलं गेलं, की घरी येईपर्यंत आईला ते जवळजवळ पटलं. आपल्यालाच करमत नाही की काय? शांतता टोचते, असं कुणाला सांगावं तर लोक वेड्यात काढतील. रात्रीच्या जेवणाला भुंगीने भाताच्या शितांची ताटाच्या कडेने एक रांग लावली आणि एकही न खाता उठली. आईने ताट उचललं आणि पटता पटता राहिलं.

मेळाव्याला दालन भरलं होतं. पडदे स्वच्छ होते. तेवढं एक काम त्या दिवशी मनापासून झालं होतं. पहिल्या रांगेत पाहुणे, दुसऱ्या रांगेत आत्या, नव्या साडीत, जणू पोरीला वळण तिनेच लावलं होतं. वडील बाजूला मोबाइल उभा धरून चित्रण करत होते. व्यासपीठावर खुर्ची, खुर्चीवर भुंगी, शेजारी टेबलावर तिची भरलेली बरणी. मागे ते कपाट आणून ठेवलेलं.

बाईंनी आधी भुंगी पूर्वी कशी होती ते सांगितलं. गुणगुणायची, हात हलवायची, एकच प्रश्न शंभरदा विचारायची. हे भुंगीच्या समोरच सांगितलं जात होतं, एखाद्या जुन्या फ्रिजबद्दल सांगावं तसं, की पूर्वी फार आवाज करायचा. पाहुणे चुकचुकले. मग बाईंनी कपाट उघडलं, बटणांचा डबा भुंगीच्या पुढ्यात धरला आणि विचारलं, "तुला काय हवंय?"

"काही नको, धन्यवाद," भुंगी म्हणाली. सूर नाही, चढ नाही, उतार नाही.

टाळ्या पडल्या. आत्याने डोळे पुसले. एक पाहुणे शेजाऱ्याला म्हणाले, की हे आमच्या घरच्या मुलांना शिकवायला हवं.

आई उठली. दोन रांगांमधून वाट काढत, कुणाच्या तरी पायावर पाय देत ती पुढे गेली आणि व्यासपीठाच्या कडेला गुडघ्यांवर बसली, म्हणजे तिचं तोंड भुंगीच्या तोंडासमोर येईल अशी. पालकांनाही सहभागी करून घेणं हे आमचं वैशिष्ट्य आहे, असं बाईंनी तत्परतेने जाहीर केलं.

आई हळूच म्हणाली, "भुंगे, बटणं का नकोत गं?"

भुंगी बराच वेळ तिच्या कानाजवळच्या हवेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बटणं भुंगीची."

"मग? तूच ना भुंगी?"

"भुंगी आवाज करायची. म्हणून गेली."

"कुठे गेली?"

"नाही माहीत. परत नाही यायचं तिने."

"मग ही कोण आहे, खुर्चीत?"

भुंगीने स्वतःच्या मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. "ही बसते," ती म्हणाली.

दालनात एक क्षण असा आला, की कुणीतरी काहीतरी समजायला हवं होतं. बाईंनी तो हातचा जाऊ दिला नाही. "ऐकलंत?" त्या पाहुण्यांकडे वळून म्हणाल्या. "सलग इतकी वाक्यं. प्रश्नाला धरून. कर्ता, क्रियापद, सगळं जागच्या जागी."

आणि पुन्हा टाळ्या पडल्या, आधीच्यापेक्षा जास्त. माणसाचं मूल सर्वांसमक्ष सांगतंय की मी आता नाहीये, आणि सुशिक्षित मंडळी त्याच्या क्रियापदाला टाळ्या वाजवतायत, असा योग रोज येत नाही. दालनात टाळी न वाजवणारे दोघंच होते. एक आई. दुसऱ्याचा मोबाइल खाली आला होता आणि त्यात आता नुसती जमीन चित्रित होत होती.

वडील व्यासपीठावर चढले. त्यांनी भुंगीचे खुर्चीखाली व्यवस्थित जोडून ठेवलेले बूट उचलले. आईने तिला हात धरून उठवलं. बाईंनी अडवलं नाही, फक्त प्रसन्नपणे सांगितलं, की कार्यक्रम मध्येच सोडला तर मणी परत घ्यावे लागतात.

"घ्या," वडील म्हणाले. "सगळे घ्या. आम्हालाही निष्काम वाटायला लागलंय."

दारापर्यंत आत्या मागे आली. लोक काय म्हणतील, एवढ्या मोठ्या लोकांपुढे शोभा केलीत, बाईंनी एवढं केलं त्याची ही परतफेड का, असं सगळं तिने एका दमात काढलं. भावाने तिच्या हातात मोबाइल दिला आणि म्हणाला, "ताई, घरी जाऊन शेवटचं पुन्हा ऐक. टाळ्या सोडून."

मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाई शहराच्या दुसऱ्या टोकाला बसायच्या. त्यांनी ऑटिझमबद्दल पहिल्या भेटीत जवळजवळ काहीच विचारलं नाही. तिला पूर्वी काय आवडायचं, ते कधीपासून आवडेनासं झालं, झोप कशी आहे, हे विचारलं. आणि मग ते सगळं पुन्हा भुंगीला विचारलं, चित्रं पुढे ठेवून, उत्तराची घाई न करता. त्या म्हणाल्या, हे नैराश्य आहे. आजार आहे, प्रगती नव्हे. आणि यावर उपचार आहेत.

आईने धीर करून विचारलं, की हे त्यातलंच नाही ना?

"चष्मा असलेल्या माणसाचं पोट दुखलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तर तुम्ही त्याची काच बदलता का?"

वडिलांनी खाली मान घातली. धंद्यातलं उदाहरण वर्मी लागतं.

काही झटकन झालं नाही. डॉक्टरीणबाईंनी तसं बजावलंच होतं. दर आठवड्याला जायचं, बोलायचं, कधी न बोलता परत यायचं. गुणगुणणं, हात हलवणं यात अडवण्यासारखं काहीच नव्हतं, ते तिचं स्वतःला सावरणं होतं, आणि तेच आपण मणी देऊन काढून घेतलं, हे आईवडिलांना पचायला भुंगीपेक्षा जास्त वेळ लागला. मधल्या काळात आई दिवसातून एकदा बटणांचा डबा भुंगीच्या स्टुलापाशी ठेवायची आणि संध्याकाळी तसाच उचलायची. काही म्हणायची नाही. केंद्राने पडदे दुसऱ्या लाँड्रीला द्यायला सुरुवात केली. निष्काम पायरीवर आता एक मुलगा होता म्हणे.

मग एका दुपारी, दुकानात गर्दी असताना, आत्या मोठ्या मनाने सगळं विसरून, म्हणजे एकेक आठवून सांगत, इस्त्रीच्या टेबलापाशी बसली होती. मागे मशीन पिळायला लागलं. स्टूल करकरलं. आईने वळून पाहिलं नाही. पाहिलं तर मोडेल असं तिला वाटलं. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग बटणं ढवळल्याचा. मग पुन्हा, जोरात. मग डबा उपडा झाला आणि सगळी बटणं फरशीवर घरंगळली.

"नाहीये," भुंगी म्हणाली. मग मोठ्याने, "पितळी नाहीये. पितळी हवं. पितळी हवं." मग किंचाळून. तिने स्टूल ढकललं, एका गिऱ्हाइकाचा घडी केलेला कोट खाली ओढला, आणि फरशीवर बसून दोन्ही हात फडफडवत तेच एक वाक्य इतक्यांदा म्हटलं, की मास्तर वरून खाली आले. आत्याने दोन्ही कानांवर हात ठेवले.

बटण आईच्या एप्रनच्या खिशात होतं. इतके महिने तिथेच होतं. तिने ते मुठीत धरलं आणि लगेच काढलं नाही. 'हवं' हा शब्द आणखी एकदा ऐकायला म्हणून तिने एक श्वास चोरला, फक्त एक. मग खाली बसून भुंगीच्या पुढ्यात मूठ उघडली.

भुंगीने बटण ओढून घेतलं. आभार वगैरे काही मानले नाहीत. मशीनपाशी जाऊन थांबवायच्या बटणावर धपका मारला, दार उघडेपर्यंत पाय आपटत उभी राहिली, आत हात घालून पितळी बटण भिरकावलं आणि दार लावलं. खणखण सुरू झाली. काचेला गाल टेकला. सूर लागला नाही, नुसता खरखरला, बरेच दिवस बंद ठेवलेल्या नळासारखा.

आत्या पर्स उचलून दारात गेली होती. तिथून तिने खोल दुःखाने विचारलं, "पुन्हा बिघडली ना गं ही?"

"हो ताई," आई फरशीवरची बटणं गोळा करत म्हणाली, "आता कुठे सुरुवात आहे."